लाल बिनमधलं दूध

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, फर्स्ट शिफ्टला, सकाळच्या चहाची बेल वाजून गेल्यावर लगेच. ठिकाण चाकण, गाड्यांचे सेन्सर बनवणारी एक कंपनी. वहिनीने अंगावरचं दूध काढून स्टीलच्या छोट्या डब्यात भरलं होतं, झाकण घट्ट लावून डबा गोंदाच्या फ्रीजमध्ये कोपऱ्यात ठेवला होता. क्वालिटीच्या साहेबांनी तो बाहेर काढला आणि लाल बिनमध्ये टाकला.

कंपनीत कधी पाऊल न टाकलेल्यांसाठी सांगते. लाल बिन म्हणजे रिजेक्ट मालाचा डबा. ओरखडा पडलेला, पाय वाकलेला, माप चुकलेला पार्ट तिथे जातो आणि त्याला एक लाल चिठ्ठी लागते. वहिनीच्या डब्यालाही लागली. कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं, ‘जागा निश्चित नाही.’ दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. ऑडिटच्या आधी कंपनीत प्रत्येक वस्तूभोवती जमिनीवर पिवळी पट्टी मारतात. झाडूलाही चौकोन, कचऱ्याच्या डब्यालाही चौकोन. ज्या वस्तूला चौकोन नाही ती वस्तू नको.

गोंदाला चौकोन होता. पार्ट चिकटवायचा हा गोंद परदेशातून येतो, गार ठेवावा लागतो. म्हणून त्याला काचेच्या दाराचा फ्रीज आणि किती गार आहे ते बघून लिहून ठेवणारा एक माणूस. बाळंत होऊन परत आलेल्या बाईला मात्र कडी लागेल असं एक दार नाही. ती संडासात उलट्या बादलीवर बसून दूध काढते, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवत असतं, “अगं ए, झालं का?”

हे मला कळलं ते संध्याकाळी, काळेवाडीत, आमच्या घरात, मेथी निवडताना. आणि वहिनी हे सांगताना हसत होती.

वहिनीचं हसू आवाज न करणारं आहे. नुसते खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि तिला काय झालं ते बघायला आपण धावत जातो. “साहेबांनी वास घेतला ओ डब्याचा,” ती म्हणाली. “मंग विचारलं, हे कुठलं केमिकल आहे? मी म्हणलं, सर, दूध आहे. ते म्हणले, चहाचं दूध इथं कशाला? मी म्हणलं, चहाचं न्हाई. मंग त्यांनी डबा असा टाकला, जसा काय विंचू चावला.”

आई हसली नाही. आई लातूरकडची. तिच्या हिशोबात अंगावरचं दूध कुणाच्या पायाखाली येता कामा नये, मोरीत तर नाहीच. जास्तीचं झालं तर झाडाच्या बुंध्याशी घालायचं. आमच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादलीत कढीपत्ता आहे, तो वहिनीच्या बाळंतपणापासून असा माजला होता की खालच्या मजल्यावरच्या चाची वरून फांदी मागून न्यायच्या. “कंपनीत कुठलं झाड?” वहिनी आईची समजूत घालत होती. “रोज बेसिनमध्येच ओतते की मी. आज जिवावर आलं म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं.”

रोज बेसिनमध्ये! हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझी भाची रात्री अंगावर प्यायची, दिवसा वहिनीने पहाटे काढून ठेवलेलं दूध आई तिला वाटी-चमच्याने पाजायची. तिचं भागत होतं. पण वहिनी बसने मोशी ओलांडून चाकणला जाणार, शिफ्ट करणार, परत येणार. तेवढ्यात तिची छाती दगड व्हायची. काढलं नाही तर ताप. काढलं तर ठेवायला जागा नाही.

मी बायकांच्या एका छोट्या संघटनेत काम करते. आमची पत्रकं मीच लिहिते, कॉलेजपासून. दादा म्हणतो की हिला घरात साधं वाक्य बोलता येत नाही, वरण वाढ म्हणतानासुद्धा शेवटी झिंदाबाद येईल असं वाटतं. त्या संध्याकाळी मी मेथी तशीच टाकून पत्रक लिहायला बसले. ‘गोंदाला फ्रीज, आईला बादली!’ हे मथळ्याला. आजही मला ते वाक्य आवडतं.

ते दूध विकायचं की द्यायचं, असा एक वाद मग आमच्या घरात झाला. तो कुठून आला ते सांगते. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एक बाई येऊ लागली. गळ्यात कार्ड, खांद्यावर जाड अस्तराची पिशवी, आत बर्फाच्या पिशव्या. ओल्या बाळंतिणी कुठे आहेत विचारत फिरायची. ‘माता, तुमचं जास्तीचं दूध दान करा, एखाद्या बाळाचा जीव वाचेल.’ दान करणाऱ्या मातेला एक प्रेशर कुकर भेट.

मी तिला जिन्यातच गाठलं. “कुठलं हॉस्पिटल?”

“हॉस्पिटल नाही मॅडम, आमची कंपनी आहे. आम्ही प्रोसेस करतो.”

“आणि पुढे?”

“पुढे गरजूंना देतो.”

“फुकट?”

“प्रोसेसिंग चार्ज असतो ना मॅडम.”

बस. माझ्या डोक्यात दिवाच पेटला. आईने द्यायचं ते दान, आणि कंपनीने द्यायचं त्याला चार्ज! मी वर आले आणि भाषण सुरू केलं. बाई घाम विकते, झोप विकते, शिफ्टमध्ये उभं राहून गुडघे विकते, तेव्हा कुणी म्हणत नाही की दान कर. मग दुधावर आल्यावरच का पवित्र व्हायचं सगळ्यांनी? दान नाही, दाम! आईने दर ठरवायचा, लेखी.

दादा ताटावरून उठला. “म्हशी बांधल्यात का गं घरात? दर ठरवायला निघाली!”

“म्हशीलासुद्धा पेंड मिळते,” मी म्हणाले.

वहिनी भाचीला थोपटत होती. ती म्हणाली, “विकायला मला लाज न्हाई. पैसे कुणाला नको? कुकर तर हाय आपल्याकडं, त्याचं काय करू?” मग भाचीचं पांघरूण सारखं करत, “पण वन्सं, त्या पिशवीत गेलं की मंग ते कुणाचं? कुठं गेलं, कुणी पेलं, काय कळणार मला? फॅक्टरीतबी तेच हाय. मी दिवसभर पार्ट लावते, ते कुठल्या गाडीत बसतात देव जाणे.”

वन्सं ती मला चिडवायलाच म्हणते. एरवी ताई.

आमच्या संघटनेत एक वकील ताई आहेत. त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, अगं, आईचं दूध विकायला आपल्याकडे परवानगीच नाही; पत्रकात दाम-बिम लिहू नकोस. मी आणखी भडकले. परवानगी नाही, मग त्या पिशवीवाल्या बाईची कंपनी चार्ज कसला घेते? यावर त्या म्हणाल्या की हा प्रश्न बरोबर आहे, तेवढा लिही. मी तेवढा लिहिला. पिशवीवाली बाई पुन्हा आमच्या जिन्यात आली नाही, शेजारच्या गल्लीत जाऊ लागली.

आणि मग चाचींच्या घरी बाळ झालं.

चाची म्हणजे खालच्या मजल्यावरच्या. त्यांच्या मुलाचं गॅरेज आहे, काळेवाडीतच. आम्ही लातूरहून आलो तेव्हा गॅस मिळेपर्यंत आईने त्यांच्या चुलीवर स्वयंपाक केला, तेव्हापासूनचं नातं. त्यांच्या सुनेला दिवस भरायच्या कितीतरी आधी बाळंतपण आलं, रक्तदाब वाढला म्हणून पोट उघडावं लागलं. मुलगा. तळहातावर मावेल एवढा, सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेला. त्याच्या आईला दूध उतरेना. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे दुधाची बँक आहे, बाकीच्या आयांनी दिलेलं, तपासलेलं, तापवून निर्जंतुक केलेलं. ते देतो, सही करा.

चाचींनी सही अडवली.

त्या वर आल्या, आमच्या दारात उंबऱ्याशी बसल्या, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत. “सिस्टरला विचारलं, हे दूध कुणाचं? ती म्हणते, पाच-सहा आयांचं एकत्र असतं, नावं सांगत नाही आम्ही. आता बघ. आमच्यात जिचं दूध पोर पितं ती त्याची आई होते. तिची पोरं त्याची सख्खी भावंडं. त्यांच्यात लग्न चालत नाही. उद्या हा मोठा झाला, याच गावात मुलगी बघितली, आणि ती याची बहीण निघाली तर? मला काय कळणार गं? कुणी सांगणार?”

मी तयारच होते. “चाची, पोर पेटीत आहे आणि तुम्ही त्याच्या लग्नाचं बघताय? जुनं सोडा आता! सही करा आधी.”

“सही तर करीनच,” चाची म्हणाल्या. “पोर उपाशी थोडंच ठेवणार आहे? मौलानांना विचारलं, ते पण म्हणाले, जिवाचा सवाल आहे, द्या. पण मनाला लागतं ना बेटा. त्याच्या आईचं नाव आपल्याला माहीत नसावं? तू तर एवढे कागद छापतेस. चहात कुठली पावडर आहे ते पाकिटावर लिहायला लावतेस. आणि दूध पाजणारीचं नाव नको?”

 

वहिनी आतून आली. नुकतीच शिफ्टवरून आलेली, कंपनीचा निळा कोट अजून अंगावर. तिने चाचींना विचारलं, “माझं चालंल का?”

चाचींनी तिच्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. सासूला विचारल्याशिवाय सुनेचं दूध कसं मागणार? आई म्हणाली, “माझ्याकडं काय बघता? गॅलरीतल्या झाडाला घालतेय मी ते. झाड काय नात्यात हाय का आमच्या?”

चाची रडल्या, मग हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. “पण मग आता तुमच्या पोरीचं आणि आमच्या पोराचं लग्न होऊ शकत नाही हां. सांगून ठेवते.”

दादा आतल्या खोलीतून ओरडला, “चाची, तेवढ्यासाठीच दूध देतोय आम्ही!”

सगळे इतके हसले की भाची दचकून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी वहिनीने सुट्टी टाकली आणि आम्ही दवाखान्यात गेलो. मी तोंड उघडायच्या तयारीत होते, पण गरज पडली नाही. तिथल्या सिस्टर आधी चाचींवर वैतागल्या, मग ऐकत गेल्या, मग डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. ठरलं ते असं. वहिनीच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या होतील. रिपोर्ट येईपर्यंत बाळ बँकेचं दूध घेईल, चाची सही करतील. रिपोर्ट चांगले आले की वहिनीचं दूध इतरांत न मिसळता वेगळं तापवून, वेगळ्या बाटलीत, या बाळासाठी ठेवतील. “पण ताजं पाहिजे आणि गार पाहिजे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उन्हात डब्यात घालून आणाल तर मी घेणार नाही. ही एवढी लहान बाळं असतात.” त्यांनी बोटभर जागा करून दाखवली.

चाचींनी तिथेच सही केली. रिपोर्ट चांगले आले. आणि आम्ही गोल फिरून पुन्हा गोंदाच्या फ्रीजपाशी आलो.

कारण घरचं दूध भाचीचं, झाडाला जायचं ते तिच्या वाटीत उरलेलं चमचा-दोन चमचे. जास्तीचं जे होतं ते कंपनीतच होतं, दिवसा, शिफ्टमध्ये. ते गार ठेवायचं तर जागा हवी. एवढ्याशा त्या पोराचं पोट चाकणच्या एका पिवळ्या पट्टीवर येऊन अडलं होतं.

मी म्हणाले, गेटवर सभा घेऊ. पत्रकं छापून तयार आहेत.

वहिनी म्हणाली, “तू थांब गं जरा. तू आलीस की साहेब घाबरतात, आणि घाबरलेला माणूस न्हाईच म्हणतो.”

तिने काय केलं ते तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. ती ती लाल चिठ्ठी घेऊन क्वालिटीच्या साहेबांकडे गेली. फेकून दिली नव्हती तिने, कोटाच्या खिशात ठेवली होती. म्हणाली, “सर, तुम्ही लिहिलंय की जागा निश्चित न्हाई. तुमचं बरोबर हाय. मंग जागा निश्चित करून द्या.”

साहेब म्हणाले, गोंदाच्या फ्रीजमध्ये खाण्यापिण्याची वस्तू ठेवता येत नाही. हेही बरोबर होतं, मला आवडलं नसलं तरी. केमिकलशेजारी दूध ठेवू नयेच. वहिनी म्हणाली, “मंग गोंद ज्या खोक्यातून येतो ते द्या.” गोंद थर्माकोलच्या खोक्यातून येतो, सोबत गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, सगळं सीलबंद; गोंद काढला की खोका स्क्रॅपमध्ये. “एक धुऊन घेते. पिशव्या कँटीनच्या फ्रीजरमध्ये रोज गोठवते. खोक्याला स्टोअरमध्ये कोपरा द्या, पट्टी मारा, नाव लावा. ऑडिटवाल्यांनी विचारलं तर दाखवा की आमच्याकडं प्रत्येक वस्तूला जागा हाय.”

लाइनवरच्या सगळ्या बायका चहा सोडून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. घोषणा नाही, काही नाही. नुसत्या उभ्या. साहेबांना दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही.

त्याच दिवशी पिवळी पट्टी मारली गेली. नाव काय लिहायचं यावर साहेब अडले, लाजले, आणि ‘पर्सनल आयटम’ असं लिहून गेले. संध्याकाळपर्यंत त्यावर कुणीतरी मार्करने काट मारून लिहिलं होतं, ‘आईचं दूध. हात लावू नये.’ अक्षर कुणाचं ते लाइनवर अजून कुणी सांगत नाही.

राहिलं गेट. खोका पहिल्यांदा बाहेर निघाला त्या दिवशी मी पत्रकं घेऊन बाहेर उभी होतीच, सवयच ती. फर्स्ट शिफ्ट सुटली, वहिनी थर्माकोलचा खोका पोटाशी धरून आली. सिक्युरिटीच्या काकांनी अडवलं.

“काय आहे यात?”

“दूध.”

“कुणाचं?”

“माझं.”

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “बाई, गेटमधून काही बाहेर जायचं तर गेटपास लागतो. मी तरी काय करू?”

“मंग फाडा की.”

काकांनी पेन काढलं. माल काय, ते लिहिलं. पुढच्या ओळीवर थांबले. “इथे लिहावं लागतं. माल परत येणार का?”

“येईल की,” वहिनी म्हणाली. “वीस वर्षांनी. नोकरी मागायला.”

रांगेतल्या बायका खो-खो हसल्या. काकांचेही खांदे हलायला लागले. माझ्या हातातली पत्रकं हातातच राहिली. खोका सांभाळत, न्यायला आलेल्या दादाच्या मोटारसायकलवर आम्ही तिघं बसलो, वाहतुकीचा नियम मोडत, थेट दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी खोका उघडून बोट लावून बघितलं आणि मान हलवली.

असं रोज चाललं. दादाला जमलं नाही तर गॅरेजमधून चाचींचा मुलगा चाकणला यायचा, हात ग्रीसने काळे, पण खोक्याला लावायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत धुतलेले. बाळ पेटीतून बाहेर आलं, मग वजन धरलं, मग घरी आलं. तोवर त्याच्या आईलाही थोडं थोडं दूध उतरलं होतं. वहिनीने त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तो तिच्याकडे कितीतरी वेळ टक लावून बघत राहिला, आणि चाची म्हणाल्या, “ओळखतोय बघ. आई आहे त्याची.” वहिनीला त्या दिवशी हसू आलं नाही. खांदे हलले, पण ते वेगळं होतं.

आता दोघं आमच्या घरात सतरंजीवर लोळतात. भाची त्याचे केस ओढते. चाची तिला रागावत नाहीत, त्याला सांगतात, “सहन कर, मोठी बहीण आहे तुझी.” कढीपत्ता मात्र सुकला. आई म्हणते, गेला तर गेला.

इथे थांबता आलं असतं. पण गेल्या महिन्यात कंपनीत मोठं कस्टमर ऑडिट झालं. नवे साहेब आले होते. त्यांनी स्टोअरमधली ती पट्टी खरवडून काढली, खोका स्क्रॅपमध्ये गेला. वहिनीचं आता काढायचं थांबलंय, भाची वरणभात खाते. पण लाइनवर बीडची एक मुलगी नुकतीच बाळंतपणाहून परत आली आहे. बाळ लहान असेपर्यंत पाजायला शिफ्टमध्ये रोज दोन जादा ब्रेक द्यावेत असं कायद्यात आहे. तो ब्रेक ती उलट्या बादलीवर काढते. आणि सगळं बेसिनमध्ये. वहिनी हे सांगताना हसली नाही. म्हणाली, “आता ने तुझी पत्रकं.”

म्हणून हे लिहिते आहे. त्या मुलीने तिचं दूध कुणाला द्यावं, की कुणालाच देऊ नये, मोबदला मागावा की मागू नये, हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. मी एकदा घरात बसून ठरवायला निघाले होते. ते तिचं तिला ठरवू द्या. पण ठरवायला आधी ते दूध उरलं पाहिजे.

तुम्ही जिथे काम करता तिथे कुठेतरी एक फ्रीज असेलच. औषधाचा, केमिकलचा, नाहीतर साहेबांच्या थंड पाण्याचा. उद्या कामावर गेलात की त्याच्यासमोर उभे राहा आणि मोठ्याने विचारा की आईच्या दुधाला इथे स्वच्छ, वेगळी जागा कुठे आहे. आतून कडी लागणारी एक खोली मागा. पट्टी स्वतःच्या हाताने मारा, नाव स्वतःच्या अक्षरात लिहा. आणि कुणी ती खरवडायला आलं, तर चहा सोडा आणि तिथे जाऊन उभे राहा.